सूर न बदलणारा हादरा

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे हादरेबाई म्हणत. नव्याने आलेल्याला ते आडनावच वाटे आणि बाई कुणाला दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसत. रॉकेटला वर ढकलून परत येणारा बूस्टर जमिनीवर उतरताना का थरथरतो हे पाहणं, एवढंच त्यांचं काम.

बाई ते असं समजावत. वर जाताना बूस्टर इंधनाने जड असतो, परत येताना जवळजवळ रिकामा. शेपटीकडून खाली येतो, त्यामुळे हवा थेट इंजिनांवर आपटते. इंजिन पेटलं की ज्वाळेची आणि समोरून येणाऱ्या हवेची झोंबाझोंबी सुरू होते. जमीन जवळ आली की तीच ज्वाळा आपटून उलटी अंगावर येते. टाकीच्या तळाशी उरलेलं इंधन हिंदकळत असतं, ते वेगळंच. "उथळ पाण्याला खळखळाट फार," म्हणून बाई थांबत. हसायचं की नाही हे समोरच्याने ठरवायचं.

घरी त्या एकट्याच. वडील होते तोवर संध्याकाळी "आलीस का?" असं कुणीतरी विचारायचं. आता त्याच कुलूप लावून निघत आणि त्याच उघडून आत जात. दिवसभरात मोकळं बोलणं व्हायचं ते जेवणाच्या सुट्टीत, फौजींशी. फौजी म्हणजे बूस्टरवर हादऱ्यांचे सेन्सर चिकटवणारे, सैन्यातून निवृत्त होऊन आलेले गृहस्थ. बाईंच्या डब्यातलं ते न विचारता घेत आणि वर मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत.

एकदा बूस्टर उतरताना इंजिनाजवळच्या नळीवरच्या सेन्सरने भलतेच हादरे दाखवले. ते खरे असतील तर नळी कापून बदलावी लागणार होती. नसतील तर सेन्सर नीट बसवलेला नव्हता. साहेबांना सेन्सरचीच शंका होती. फौजींना याआधी एकदा समज मिळाली होती, आणि पुन्हा चूक निघाली तर त्यांची रवानगी गोदामात होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाईंनी आठवडाभर मान वर केली नाही. हादरे खरे आहेत हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. त्यांनी वारा तपासला, ज्वाळा तपासली, हिंदकळणारं इंधनही तपासलं. कशानेच काही जुळेना.

मग त्यांनी सूर पाहिला. भरलेली बादली वाजवली तर आवाज खालचा येतो, तीच रिकामी होत गेली की वरचा. बूस्टरचंही तसंच. उतरताना टाकी रिकामी होते, वजन घटतं आणि थरथरीचा सूर चढत जातो. शेजारच्या सगळ्या सेन्सरांमध्ये तो चढला होता. या एकात तो जागचा हलला नव्हता. म्हणजे हा हादरा बूस्टरचा नव्हताच. सेन्सरखालची पट्टी एका बाजूने सुटून स्वतःच थडथडत बसली होती.

साहेबांना सांगण्याआधी त्यांनी ते फौजींना सांगितलं, जेवताना.

"फौजी, पट्टी सुटली होती."

"कोण म्हणतं? साहेब?"

"मी म्हणते."

फौजींनी तोंडातला घास सावकाश गिळला. "मग सुटलीच असणार." पुढचा घास मोडत त्यांनी विचारलं, "जरा मोघम लिहिता नाही येणार?"

"येईल की. मग ते चांगली नळी कापतील. आणि उद्या खरा हादरा आला तर माझं कोण ऐकणार?"

"तेही खरंच." ते डब्याकडे बघत राहिले. "मला हल्ली जवळचं नीट दिसत नाही, बाई. सांगणारच होतो तुम्हाला. मग म्हटलं, आपल्याला हलवलं तर या जेवणार कुणाबरोबर?"

बाईंनी डबा त्यांच्याकडे सरकवला.

दुपारी त्यांनी साहेबांना काय ते स्पष्ट कळवलं. पुढच्याच आठवड्यात फौजी गोदामात रुजू झाले. गोदाम गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि तिथली जेवणाची सुट्टी इथली सुरू व्हायच्या आत संपते.

बाई आता आपल्या जागेवरच, स्क्रीनसमोर जेवतात. आम्ही दोन-तीनदा म्हणून पाहिलं, या की आमच्यात.

"येते हं," त्या म्हणतात, "तुम्ही सुरू करा."