पॉलिशचा छोटा डबा

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? पण चहा पाजलाय, तर ऐका. माझ्याएवढा दीडशहाणा माणूस अख्ख्या मुलुंडात शोधून सापडायचा नाही. मी घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार बनवली!

हसू नका. माझं वय सेहेचाळीस, नोकरी विम्याच्या हापिसात, हातोडा शेवटचा धरला तो शाळेत कार्यानुभवाच्या तासाला. पण मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. त्यात एक दाढीवाला बारा मिनिटांत फळीची गिटार करतो. बारा मिनिटांत! मी सुजाताला, म्हणजे आमच्या हिला, म्हटलं, "मला दोन महिने दे फक्त."

सात महिने झाले, यार!

सात महिने घरातली एकुलती एक बाल्कनी माझ्या ताब्यात. कपडे हॉलमध्ये पंख्याखाली वाळायचे. पाहुणा सोफ्यावर बसला की त्याच्या डोक्यावर माझे मोजे. लाकडाचा भुसा पोह्यांत, भुसा उशीत, भुसा आईच्या चष्म्याच्या डबीत. घट बसले त्या दिवशी सुजाताचा संयम संपला.

"हे बघ, दसऱ्याला मला बाल्कनी मोकळी पाहिजे. आणि त्या दिवशी ही गिटार चार लोकांसमोर वाजली तर घरात राहील. नाही वाजली तर सगळं भंगारात. कळलं?"

"अगं पण..."

"पण नाही नि बिण नाही!"

झालं! हातात नऊ दिवस. बाकी काम उरकलं होतं हां, खोटं कशाला बोलू? दांडा तयार मिळाला होता, तारा लावून एकदा वाजवूनही बघितली होती. राहिलं होतं फक्त पॉलिश. फक्त!

गेलो हार्डवेअरच्या दुकानात. शेठने एक मोठा डबा काढला आणि त्याच्या शेजारी एक छोटा डबा ठेवला.

"छोटे का कितना?" मी विचारलं.

"उसका अलग से नहीं, इसमें ही आ गया."

आता तुम्हीच सांगा, आपल्यासारखा माणूस काय समजणार? चहापत्तीवर वाटी येते, साबणाच्या पावडरीवर बादली येते. मला वाटलं, पॉलिशवर पॉलिश फ्री! शेठ पुढे काहीतरी सांगत होता. पण दुकानदाराला वाक्य पूर्ण करू दिलं तर मी कसला मुंबईकर? "मालूम है, मालूम है," म्हणून निघालो. आणि फुकट मिळालेली वस्तू आमच्या घरात कोणी लगेच वापरत नाही. छोटा डबा कपाटात गेला, वर्तमानपत्रात गुंडाळून.

मोठ्या डब्यातले सात हात मारले. काय चमक, काय चमक! वाकून बघितलं तर त्यात माझं टक्कल दिसत होतं.

फक्त वाळेना.

दुसऱ्या दिवशी बोट लावलं, चिकट. चौथ्या दिवशी चिकट. मी म्हटलं, दमट हवा आहे, मुंबई आहे. टेबलफॅन लावला. सुजाताचा केस वाळवायचा ड्रायर फिरवला, तो जळला, तिची बोलणी खाल्ली. आठव्या दिवशीही चिकट! डोकं फिरायची वेळ आली. दसरा उद्यावर, आणि भंगारवाल्याची आरोळी मला आत्तापासूनच ऐकू यायला लागली.

आणि मग माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. कॅरमची पावडर! मागून पुढून भरपूर भुरभुरवली, हलक्या हाताने फिरवली. एकदम गुळगुळीत! मी स्वतःचीच पाठ थोपटली.

दसऱ्याला सकाळी गिटार देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टांगली. आई हळदीकुंकू घेऊन आलीच.

"आई, नको गं, पॉलिश ताजं आहे."

"गप रे! आज वाद्याची पूजा नको करू? सात महिने भुसा खाल्लाय मी."

कुंकू लागलं. अक्षता पडल्या त्या तिथेच बसल्या. झेंडूचा हार नंतर काढायला गेलो तर हार निघाला, पाकळ्या राहिल्या.

"असू दे," शेजारच्या सावंतकाकू म्हणाल्या, "डिझाइन बरं दिसतंय."

संध्याकाळी बिल्डिंगमधली दहा-बारा माणसं आपट्याची पानं द्यायला आली. मी सुजाताने आणलेला नवा सिल्कचा कुर्ता घालून खुर्चीत बसलो, गिटार पोटाशी घट्ट धरली.

"वाजव मेल्या, किती वाट बघायची!" सावंतकाका ओरडले.

वाजवली. देवीची आरती, सगळी कडवी. दोन ठिकाणी घसरलो, पण वाजली हो! सात महिन्यांनी माझ्या हातची फळी गात होती. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. टाळ्या पडल्या. सुजातासुद्धा हसली.

"चल, आता आईला सोनं दे," ती म्हणाली.

मी उठलो. पानं घ्यायला दोन्ही हात पुढे केले. आणि गिटार जागच्या जागी राहिली. पोटावर! खांद्याला पट्टा नाही, काही नाही.

"अरे वा! हे कसं केलंस?" सावंतकाका खूश.

मी ओढली. कुर्ता पण आला. काकांनी गिटार धरली, काकूंनी मला धरलं, दोघांनी जोर लावला. टर्रर्र! शिवण गेली, पण गिटार सुटेना. शेवटी सगळ्यांनी मिळून मला कुर्त्यातून बाहेर काढलं. दहा-बारा माणसांसमोर मी भोकं पडलेल्या बनियनवर, आणि माझा कुर्ता गिटारीच्या अंगावर.

माझं टाळकं सटकलं. म्हटलं, या शेठला सोडत नाही. फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. होय, मीच टाकला!

"शेठ, कैसा पॉलिश दिया? नऊ दिन में सूखा नहीं!"

"छोटा डब्बा मिलाया था ना?"

"वो... वो तो फ्री था ना?"

मग शेठ अगदी समजुतीने म्हणाला, "साहब, उसी से तो सूखता है. उसके बिना अगले दसरे को भी नहीं सूखेगा."

सावंतकाका खुर्चीतून खाली आले. आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मी आपला सुजाताकडे बघतोय. आता ती भंगार म्हणणार, नक्की म्हणणार.

तिने डोळे पुसले, श्वास घेतला आणि म्हणाली, "वाजली तर राहील म्हटलं होतं. वाजली. राहू दे."

"आणि कुर्ता?"

"तो कुठे निघतोय आता? वाजवायची असेल तेव्हा शीर त्यात, झालं की बाहेर ये."

तेव्हापासून तेच चाललंय. गिटार राहिली, बाल्कनी गेली. आणि बिल्डिंगमध्ये "गिटार वाजवतोस का?" असं मला कोणी विचारत नाही. जिन्यात भेटतात आणि म्हणतात, "काय रे, आज घातली नाहीस?"