युद्धाच्या दिवसांतला इतिहास विभाग

भर सभागृहात अध्यक्षांनी मला उभं केलं.

आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. सीमेवर युद्ध लागलं होतं, त्याची कॉलेजात सभा होती. सायन्सची पोरं ड्रोनवर बोलली, टाळ्या झाल्या. मी इतिहास शिकवत होते. तासिका तत्त्वावर, म्हणजे कायम नाही.

"मॅडम, ह्या लढाईत तुमच्या इतिहासाचा काय उपयोग, सांगा."

मी तोंड उघडलं. ते माइकवरच म्हणाले, "राहू द्या. तुमच्या लोकाइले भाषणाची सवयच आहे. आर्ट्सवाले मिळून चहाचं पाहा."

सभागृह हसलं. मीही हसले बहुतेक. मग ट्रे उचलला आणि पहिल्या रांगेपासून चहा वाटला. राग आला नाही. कप गरम आहेत, एवढंच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या विभागाची खोली रिकामी केली. वाळूची पोती ठेवायला. मराठीचे सर आणि मी पुस्तकं सायकल स्टँडमागच्या व्हरांड्यात नेली. सर म्हणाले, थोड्या दिवसांचं आहे. मी मान हलवली.

माझे बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. जन्मभर गोळे भरले. मी इतिहास घेतला तेव्हा वस्तीतले हसले, बाबा नाही. म्हणाले, "आमी भरलेला गोळा कुठी पडते, कोनावर पडते, आमाले कोनी सांगत नाई. तू शिक अन् मले सांग."

बाबा गेले. माझं सांगणं राहिलं.

व्हरांड्यात तास सुरू केला. वर्गात भामरागडकडची एक माडिया आदिवासी पोरगी होती, होस्टेलवर राहायची. वर्षभर बोलली नव्हती. त्या दिवशी उभी राहिली.

"मॅडम, सगळे म्हणून राह्यले, युद्ध आता लागलं. आमच्या गावात तं माह्या जन्माच्या आधीपासून आहे. थे कोनत्या धड्यात आहे?"

मी म्हटलं, तू सांग.

हजेरी द्यावी तशा आवाजात तिनं सांगितलं. जंगलातले बंदूकवाले आले, आईनं भात रांधून दिला. मग वर्दीवाले आले, भात काऊन देल्ला म्हणून बापाला घेऊन गेले. बाप मार खाऊन परत आला. मग जंगलातले पुन्हा आले. वर्दीवाल्यांना काय सांगितलंस म्हणाले. त्या वेळी नेलेला बाप परत आला नाही.

 

तेवढ्यात प्राचार्य आले. कोणीतरी कळवलं असणार. आवाज न चढवता बोलले. युद्धाच्या दिवसांत असलं बोलायचं नसतं. हिचं होस्टेल सरकारी आहे. माझे तास त्यांच्या हातात आहेत. आणि उद्या माजी सैनिकांचा सत्कार आहे, चहाला आर्ट्सच्या पोरी आणा.

होस्टेलचं नाव ऐकलं तशी पोरीनं बॅग उचलली. मला माझा ट्रे उचललेला हात दिसला.

मी म्हटलं, "चहा मी वाटणार नाही. ह्या पोरीही वाटणार नाहीत. अन् हिचं सांगून झालं नाही, सर. ऐकायचं असेल तर बसा."

ते बसले नाहीत. ती बसली.

युद्ध थांबलं. पोती गेली. खोली परत मिळाली नाही, तिथे आता ड्रोनची लॅब आहे. नव्या सत्रात मला तास नाहीत, असं क्लार्कनं फोनवर सांगितलं. मराठीचे सर रस्त्यात भेटले की घड्याळ बघतात.

ती पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी माझ्या घरी येते. तिच्याकडच्या आणखी काही पोरी येतात. कोणत्या गावात काय झालं ते आधी माडियात सांगतात, मग मराठीत. मी लिहिते. कोणी छापणार नाही, माहीत आहे. भीती वाटते. तरी लिहिते. ज्यानं मारलं त्याचं नाव लिहिते, मग तो जंगलातला असो की वर्दीतला. थांबवायला कोणी आलं, तर त्याचंही लिहीन.