माझ्या हिंदीतला जुलाब

बालाघाटच्या सरकारी कचेरीत तीस वर्षं मी हिंदीतून टिपणं लिहिली. घरी मराठी, कागदावर हिंदी, आणि दोन्हींवर आपली हुकमत आहे असा माझा पक्का समज. म्हणून लेकीच्या आजाराची हकीकत जबलपूरच्या डॉक्टरांसाठी मीच लिहून काढली, समास सोडून, सुवाच्य अक्षरात. सोबत तिच्या बदलीचा अर्जही तयार ठेवला. ती बैहरच्या तहसील ऑफिसात लिपिक आहे. मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, दिवसातून आठ-दहा वेळा धावपळ, त्यात दर सोमवारी दोन तासांचा बसप्रवास. हे निभणार नाही, तिला घरी आणायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं नव्हतं.

जबलपूरला एका टेबलाभोवती पोटाचे डॉक्टर, सर्जन, आहार सांगणाऱ्या बाई, मनाचं बघणाऱ्या बाई आणि एक नर्स असे पाच जण बसले होते. आमच्या कचेरीत पाच जण एकत्र बसले की चहापलीकडे काही निष्पन्न होत नसे, त्यामुळे मला फारशी आशा नव्हती. मी उभा राहून खणखणीत वाचलं, "रोगी को दो वर्ष से जुलाब चालू है."

आहारवाल्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. पोटाचे डॉक्टर म्हणाले, "जुलाब तुरंत बंद कीजिए."

माझं डोकं फिरलं. "बंद नहीं होता, इसीलिए तो आए हैं!"

"देता कौन है इसे?"

"भगवान!" मी ओरडलो.

लेकीने माझ्या हातातला कागद काढून घेतला. "बाबा, हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ करायचं औषध. त्यायले वाटते आपण मले तेच पाजून राह्यलो. तुम्ही बसा, मी सांगतो."

मी बसलो. घरी फक्त 'पोट बरं नाही' एवढंच म्हणणारी पोरगी पाच परक्या माणसांपुढे रक्त कधी पडतं, किती पडतं, सगळं मान वर करून सांगत होती. बसमध्ये फजिती नको म्हणून रविवारी दुपारपासून ती उपाशी राहते, हेही मला तिथेच कळलं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

मग ते एकमेकांशी बोलू लागले. सर्जन म्हणाले, आत्ता ऑपरेशन नको, आधी औषध बदलून पाहू. आहारवाल्या बाईंनी रविवारचा उपास मोडायला लावला. रक्त पडणं वाढलं तर आधी मला फोन कर, असं नर्सने तिला बजावलं. मनाचं बघणाऱ्या बाईंनी विचारलं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

"बोलने की," ती म्हणाली, "कि गाड़ी रोको."

संधी साधून मी बदलीचा अर्ज पुढे सरकवला. शिफारस लिहायला डॉक्टरांनी पेन उघडलं.

"मले बदली नाही पाह्यजे, बाबा."

"काहून?"

"जंगलातल्या गावांतून बाया अर्ज घेऊन येतात. साहेबाशी बोलाले भेतात, माह्याशी बोलतात. मी नाही सोडत बैहर."

डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं.

नव्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागले. धावपळ कमी झाली, पुरती थांबली नाही. रजा संपवून ती रुजू व्हायच्या सोमवारी मीही बसमध्ये चढलो, पण तिच्या अटीवर: मागे बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. बस गच्च भरल्यावर ती उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कंडक्टरला म्हणाली, "भैया, मुझे आंत की बीमारी है. मैं बोलूँ तब गाड़ी रोकनी पड़ेगी." अख्खी बस वळून पाहू लागली.

वाटेतल्या उकवा गावाच्या अलीकडे तिने खरंच गाडी थांबवली आणि रस्त्याकडेच्या हॉटेलमागे गेली. पुढच्या सीटवरचे एक म्हातारे कुरकुरले, "किसकी लड़की है ये?"

मी अट मोडून उभा राहिलो.

"मेरी," मी म्हणालो.