तिने न गाळलेले अश्रू

मुलांशी बोलायचं कसं, हे शिकायला मी पन्नाशीत गेलो. घरात सगळे हसले. ज्याला बारशाच्या पंगतीत गप्प करायला दोनदा जिलेबी वाढावी लागते तो पोरांचं काय ऐकणार, असं बायकोचं म्हणणं. पण मंगळवार पेठेतल्या आमच्या मैदानाच्या वेळा मंडळ नव्यानं ठरवणार होतं, आणि आधी पोरांना विचारावं असं कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं. मला भारी कुतूहल होतं, पोरं आपल्याला नक्की काय काय सांगत नाहीत याचं.

शिकवणाऱ्या ताई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांचे नियम ऐकून मी चक्रावलो. बोलायचंय का, हे मुलाला आधी विचारायचं. नको म्हणालं तर वही मिटायची. प्रश्न विचारला की आपण तोंड बंद ठेवायचं. मी ठेवून बघितलं. कान गरम झाले, पण समोरचं पोर खरंच बोलायला लागलं. आणि लिहून झालं की ते त्या मुलालाच वाचून दाखवायचं. हा शेवटचा नियम मला अगदीच फालतू वाटला.

माझ्या वाट्याला पाचवीतली एक मुलगी आली. तिला फुटबॉल खेळायचा होता. मैदानावर रोज मुलगे खेळतात, मुली पायरीवर बसून बघतात, तर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच ते सहा मैदान मुलींना द्यावं, एवढंच ती म्हणाली.

आता यात ऐकणाऱ्याला काय मजा? रात्री जेवण झाल्यावर मी ते जरा सजवलं. दुसऱ्या दिवशी हातवारे करत तिला वाचून दाखवलं, की दांडगी पोरं आम्हाला हाकलून देतात आणि आम्ही अश्रू गिळत पायरीवर बसतो.

तिनं माझ्याकडं रेफरीसारखं बघितलं.

"काका, रडतंय कोण? आन् हाकलतंय तरी कोण? माझा भाऊच हाय की त्यात."

मी म्हटलं, असं लिहिलं की मंडळावर परिणाम होतो.

"व्हय, हुतोय की. त्याला बोलणी बसतील, आन् मग आई मला पायरीवरबी जाऊ देणार न्हाय. खोडा ते."

खोडलं. तिची बाजू घेता घेता मी तिला घरात कोंडायच्या बेतात होतो, आणि वर त्या वाक्यावर खूशही होतो.

रविवारी मंडळाच्या बैठकीत तिचं म्हणणं जसंच्या तसं वाचलं. माझा आवाज इतका सपाट होता, की सेक्रेटरींनी तब्येतीची चौकशी केली. पण गंमत अशी की भांडायला कुणाला काही सापडेना. अध्यक्षांनी मान खाजवली, शेजारच्यांशी कुजबुजले आणि मंगळवार देऊन टाकला.

मी लगोलग तिच्या दारात. आनंदानं बातमी सांगितली.

"आन् शुक्रवार?"

मी गाडी अध्यक्षांच्या घराकडं वळवली.