छप्पर नसलेल्या घरी आलेले पाहुणे

मला बघायला पाहुणे आले, त्या रविवारी आमच्या घराला छप्पर नव्हतं. चूक कुणाची, हे अजून ठरलेलं नाही. स्थळ आणणारा मामा म्हणतो की त्यानं 'येत्या रविवारी' असं स्पष्ट सांगितलं होतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो त्याच्या पुढचा रविवार धरला. दौंडच्या पाहुण्यांनी मात्र येता रविवार म्हणजे येताच रविवार धरला आणि सकाळीच गाडी काढली.

छपराचं आधी सांगायला हवं. आमचं घर न्हावऱ्याजवळ वस्तीवर आहे. विटांच्या भिंती आणि वर सिमेंटचे पत्रे, माझ्या जन्माच्या आसपासचे. दर उन्हाळ्यात आप्पा वर चढून भेगांना डांबर लावायचे. डांबर लावलं तिथलं गळणं थांबायचं, पण लावताना जिथं पाय दिला तिथं नवी भेग पडायची. त्यामुळे गळती घरभर फिरायची. एका वर्षी चुलीवर, तर पुढच्या वर्षी माझ्या कपाटावर. जुन्या पत्र्याच्या मधोमध पाय द्यायचा नसतो, खालून आधाराचा पाईप गेलाय त्या रेषेवर फळी टाकून चालायचं असतं, हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. आप्पांचं म्हणणं, आपल्या घरावर कुठं पाय द्यायचा ते आपल्याला कळतं.

त्या उन्हाळ्यात त्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत थेट घरात आला. आई खाली पूजा करत होती. वरून कपच्या पडल्या आणि देवघरावर चपलेसकट एक पाय लोंबकळायला लागला. आईनं त्या पायाकडं थोडा वेळ बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "चप्पल तरी काढायची."

पाय खरचटण्यावर निभावलं, पण छप्पर बदलायचं त्याच दिवशी ठरलं.

शिरूरचा एक फॅब्रिकेशनवाला मिस्त्री बोलावला. तो म्हणाला, आधी अर्ध्या घराचं काढू, तिथं नवीन टाकू, मग उरलेलं अर्धं घेऊ, म्हणजे सामान एका अंगाला राहील. आप्पांना हे असलं लांबण लावणं पटेना. एकदम काढा आन् एकदम टाका, असं त्यांनी फर्मान काढलं. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी आमच्याकडं चार भिंती होत्या आणि फ्रीज, कपाट, दिवाण, शिलाई मशीन असं सगळं घर अंगणातल्या लिंबाखाली उभं होतं. पाटसकडं जाणारे लोक गाड्या हळू करून विचारायचे, जागा सोडताय काय?

मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांची धूळ छातीला वाईट, हे मला माहीत होतं. म्हणून पत्रे फोडायचे नाहीत, पाणी मारून अखंड उतरवायचे, असा माझा हट्ट होता. करोनातले उरलेले मास्क मी सगळ्यांना वाटले. रविवारी सकाळी दौंडची गाडी अंगणात थांबली, तेव्हा मी आप्पांचा जुना फुलशर्ट घालून, तोंडाला मास्क लावून, आदल्या दिवशी उतरवलेला एक पत्रा पाणी मारून बाजूला न्यायला त्याचं टोक धरून उभी होते. दुसरं टोक आईनं धरलं होतं, तिच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मुलाची आई उतरली आणि तिनं आम्हालाच विचारलं, घरातली माणसं कुठं गेली?

मुलाचे वडील रेल्वेतून रिटायर झालेले. ते उतरले आणि आमच्याकडं न बघता सरळ वर बघायला लागले. त्यांनी मागच्याच वर्षी दौंडला स्वतःच्या घराचं छप्पर बदललं होतं. नुकतंच छप्पर बदललेल्या माणसाला दुसऱ्याचं उघडं घर दिसलं की काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला.

आईनं मात्र आब सोडला नाही. पाहुण्यांना अंगणात बसवणार नाही, म्हणाली. मग सोफा परत घरात गेला आणि पाहुणे बैठकीच्या खोलीत, भर उन्हात, डोक्यावर छत्र्या धरून बसले. मी आत, म्हणजे तीन भिंतींच्या आड, जाऊन तोंड धुतलं आणि साडी नेसले. कांदेपोहे आले. शेजारच्या खोलीवर मिस्त्री नव्या लोखंडी पत्र्यांना ड्रिल मारत होता आणि पोह्यांवर अधूनमधून बारीक चकचकीत कीस पडत होता. मुलाची आई भली बाई. तिनं बशीवर पदर धरला आणि पोहे छान झालेत म्हणाली.

मुलाच्या वडिलांचा घास हातातच राहिला होता. मिस्त्री स्क्रू पत्र्याच्या पन्हळीत मारत होता. पन्हळीतून पाणी वाहतं, म्हणून स्क्रू उंचवट्यावर मारायचा, खाली रबराचा वॉशर घालायचा आणि वॉशर चेपेल इतका पिळायचा नाही, हे त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं. मिस्त्री म्हणाला, आम्ही असंच करतो. मग त्यांनी छत्री बायकोकडं दिली आणि शिडी गाठली. पाहुणा वर गेल्यावर घरमालकानं खाली राहणं बरं दिसत नाही, म्हणून आप्पाही गेले.

वर दोघांचं चांगलंच जुंपलं. वारं पश्चिमेकडून येतं, तेव्हा पत्र्याच्या जोडाचं तोंड तिकडं नको, असं मुलाचे वडील म्हणत होते. आप्पा म्हणत होते, आमच्याकडं वारं कसं येतं ते आम्हाला ठाऊक. शेवटी मुलाच्या वडिलांनी मापाच्या टेपचं दुसरं टोक धरायला मुलाला हाक मारली.

मुलगा आतापर्यंत छत्रीखाली गप्प बसला होता. तो उठला, शिडी चढला, भिंतीच्या माथ्यावर दोन्हीकडं पाय टाकून बसला, टेप धरली, सोडली. माप झालं. वडील पलीकडच्या खोलीवर गेले. मुलगा तिथंच राहिला. भिंतीला दोन्ही हातांनी धरून तो समोरच्या उसाकडं बघत होता. माझ्या आईनं खालून विचारलं, चहा घ्यायला येताय ना? तो म्हणाला, इथं वारं बरं आहे.

वारं अजिबात नव्हतं. त्याची बोटं पांढरी पडलेली मला खालून दिसत होती.

मुलाच्या आईला वाटलं, पोरगं लाजतंय. ती म्हणाली, तिथूनच विचार काय विचारायचं ते. त्यानं उसाकडची नजर न काढता मला विचारलं, लग्नानंतर नोकरी चालू ठेवायची आहे का. मी हो म्हणाले. मग तुला काही विचारायचं का, असं त्याची आई मला म्हणाली.

मी विचारलं, "तुम्ही खाली येणार का?"

त्यानं शिडीकडं चोरून बघितलं. मग तो अगदी खरं बोलला. "यायचंय. पण जमंल असं वाटत न्हाई."

मी पदर खोचला आणि शिडीवर चढले. त्याला सांगितलं, खाली बघू नका, तोंड भिंतीकडं करा, पाय मी ठेवते तिथं ठेवा. त्याचा घोटा धरून मी एकेक पाय शिडीच्या पायरीवर आणत होते. बघायला आलेल्या मुलाचा पाय मुलीनं धरलेला बघून माझ्या आईनं डोळे मिटून घेतले. त्याची आई खालून म्हणत होती, "धर बाई, घट्ट धर. ह्याला झोक्यावर पण चक्कर येती."

खाली पोचल्यावर तो सोफ्यावर न बसता जमिनीवरच बसला आणि गार झालेला चहा एका दमात प्यायला.

दोन्ही बापांना यातलं काही कळलं नाही. ते दुपारी उतरले ते उन्हानं लाल होऊन, एकमेकांना अरे-तुरे करत. जोडाचं तोंड पूर्वेला करायचं ठरलं होतं. मोभावरचा, म्हणजे छपराच्या कण्यावरचा, पत्रा पांढरा की निळा, यावर अजून एकमत नव्हतं. पाहुणे जेवले, गाडीत बसले, आणि चौफुल्याच्याही पुढं गेल्यावर मुलाच्या वडिलांचा आप्पांना फोन आला. पांढरा पत्रा कमी तापतो, हे सांगायचं राहून गेलं म्हणाले. मागून त्यांच्या बायकोचा आवाज येत होता. मग म्हणाले, "आन् हां, मुलगी पसंत हाय."

मी लगेच होकार दिला नाही. मुलगा आठवडाभर फोन करत राहिला. त्याचं कौतुक एवढंच की भिंतीवरची गोष्ट त्यानं एकदाही लपवली नाही, उलट स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला. दिवाळीनंतर आमचं लग्न झालं. आम्ही दौंडला तळमजल्यावर राहतो. घर त्यानंच शोधलं.

सासरे अजून महिन्यातून एकदा न्हावऱ्याला जातात, स्क्रू बघायला. छप्पर कुठंही गळत नाही. फक्त पत्र्याखाली फोमचा थर टाकायला हवा होता, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. पाऊस लागला की घरात कुणाचं कुणाला काही ऐकू येत नाही. आप्पा आणि सासरे तेव्हाही बोलतच असतात. आई म्हणते, एवढं एक बरं झालं.