फाइलमधली माझी वाक्यं

जानेवारीतल्या एका मंगळवारी, शाळा सुटल्यावर, माझ्या मुलीच्या बाईंनी टेबलावरून एक कागद आमच्याकडे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, मावो. मुलगी आम्हा दोघांच्या मध्ये बसली होती. तिने कागद वाचला, मान डोलावली आणि जॅकेटची चेन वर-खाली करत राहिली. मी आणि नवरा, दोघंही बाईंना 'थँक यू' म्हणालो. त्या थँक यूचा मला अजून राग येतो.

इथल्या डच शाळांत मुलं अकरा-बारा वर्षांची झाली की शाळाच सांगते, कोणी पुढे कुठल्या वाटेने जायचं; त्याला अ‍ॅडव्हाइस म्हणतात. वेवेओ म्हणजे पुढे विद्यापीठ. हावो त्याखालची पायरी आणि मावो त्याच्याही खालची, पुढे एखादा कामधंद्याचा कोर्स. यात कमीपणा काही नाही, वाट नंतर बदलताही येते, असं सगळे सांगतात. पण हे सांगणाऱ्यांपैकी कोणाच्या मुलीला मावो मिळालेलं मी पाहिलं नव्हतं. तिच्या शेजारी बसणाऱ्या तिच्या डच मैत्रिणीला हावो-वेवेओ मिळालं होतं, म्हणजे वरच्या दोन्ही वाटा खुल्या. दोघींचे मार्क जवळजवळ सारखे होते, गणितात तर आमची पुढे होती. मला कसं माहीत? मी दोघींचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते. मी पुण्याची आहे, आम्ही पाहतो.

घरी आलो. मुलगी वर खोलीत गेल्यावर नवऱ्याचा आवाज चढला. "हे सरळसरळ डिस्क्रिमिनेशन आहे. नाव वाचतात, रंग बघतात आणि एक पायरी खाली ढकलतात." त्याने तिथेच लॅपटॉप उघडून शाळेला मेल लिहायला घेतला.

मला त्या क्षणी आठवली ती शाळेच्या फाटकाशी भेटणारी एक बाई. मूळची सुरिनामची, जन्म द हेगचा, पणजोबा कधीतरी बिहारमधून बोटीने तिकडच्या डच वसाहतीत मजुरीला गेलेले. आम्ही मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचो. दोन वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या मुलीला असाच कागद मिळाला, तेव्हा ती म्हणाली होती की आपल्या मुलांना हे लोक नेहमी एक पायरी कमीच देतात, तुझ्या मुलीचंही बघून ठेव. आणि मी काय म्हणाले होते? म्हणाले होते, "घरी पण लक्ष द्यावं लागतं ना." तिने माझ्याकडे पाहिलं, सायकलचं कुलूप काढलं आणि निघून गेली.

मनात तेव्हा काय होतं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला वाटत होतं, आपण त्यांच्यातले नाही. आपण दोघं इंजिनिअर, कंपनीने बोलावून आणलेले, घरात पुस्तकांचं कपाट, दर रविवारी मराठी शाळा. जी मुलं मागे पडतात त्यांच्या आईबापांना पडलेली नसते, असं मी आमच्या मराठी ग्रुपवर लिहिलंसुद्धा होतं. चार जणींनी त्याला अंगठे दिले होते.

मी नवऱ्याला म्हटलं, मेल नंतर पाठव, आधी फाइल बघू. इथे प्रत्येक मुलाची फाइल असते आणि आईबापांना ती बघायचा हक्क असतो. मी हूफडॉर्पच्या ऑफिसातून अर्धी सुट्टी काढली, गाड्या बदलत आमच्या गावी झूटरमेरला आले आणि गुरुवारी तीन वाजता शाळेतल्या एका छोट्या खोलीत बसले. वाटेत डचमधली वाक्यं पाठ करून ठेवली होती. आज भांडायचंच, असं ठरवून गेले होते. बाईंनी चहा आणून दिला, लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि समोर बसल्या.

वर्षांमागून वर्षं होती; इथे इयत्तेला ग्रुप म्हणतात. ग्रुप पाच: 'आई सांगते, मुलगी घरी स्वतःहून काहीच करत नाही.' ग्रुप सहा: 'आई सांगते, गणित वडिलांना रोज समजावून द्यावं लागतं, त्याशिवाय जमत नाही.' ग्रुप सात: 'आई सांगते, कोणी शेजारी बसलं नाही तर काम होत नाही. पालकांच्या अपेक्षा वास्तववादी आहेत.'

मी ते शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. भांडणाची पाठ केलेली वाक्यं कुठच्या कुठे गेली. कारण ही सगळी वाक्यं माझीच होती. दर वर्षी नोव्हेंबरातल्या त्या दहा मिनिटांच्या भेटीत मी तेच बोलत आले होते.

आता हे कसं समजावू? आमच्याकडे आपल्या पोरीचं कौतुक आपल्या तोंडाने करायचं नसतं. ओपन डेला माझी आई बाईंसमोर उभी राहून म्हणायची, "अहो, घरी पुस्तकाला हात लावेल तर शपथ. तुम्हीच जरा दोन फटके द्या." मग बाई म्हणायच्या, "नाही हो, हुशार आहे ती." मग आई म्हणायची, "कसची हुशार!" आणि घरी येताना आईची चाल बघावी, अशी ऐटबाज. आपण खाली ओढायचं, बाईंनी वर उचलायचं, असा तो सगळा मामला होता. मीही तेच केलं, अगदी हसत हसत. फक्त इथल्या बाईंनी वर उचललं नाही. त्यांनी लिहून घेतलं.

मी बाईंना म्हटलं, "मी हे असंच बोलले होते. आमच्यात असं बोलतात." त्या खऱ्याखुऱ्या गोंधळल्या. म्हणाल्या, "पण तिला तुमच्यापेक्षा जास्त कोण ओळखतं?" वाईट बाई नव्हत्या त्या. मला त्या वाईट असायला हव्या होत्या.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं की मेल पाठवू नकोस, चूक माझी आहे. तो चिडला. म्हणाला, "म्हणजे आता आपणच आपल्याला फाशी द्यायची? मार्क दिसत नव्हते का त्यांना?" आठवडाभर आम्ही यावरच भांडत होतो, हळू आवाजात, मुलगी ऐकेल म्हणून. ती ऐकत होतीच.

मग शनिवारी तिला मैत्रिणीच्या घरून आणायला गेले. मैत्रिणीची आई दारातच गप्पा मारत उभी राहिली. मी, अगदी सहज विचारल्यासारखं, विचारलं की तुम्ही त्या भेटीत मुलीबद्दल काय बोलता. ती हसत सुटली. "मी? मी तर दर वर्षी सांगते, आळशी आहे, एक नंबरची आळशी! मागच्या वर्षी बाई म्हणाल्या, येईल हो वळणावर, डोकं आहे तिच्यात."

मी तिथेच उभी राहिले. तेच वाक्य. तिच्या मुलीच्या बाबतीत ते विनोद ठरलं, माझ्या मुलीच्या बाबतीत पुरावा. माझी चूक माझी होती, ती मी कोणावर ढकलणार नाही. पण माझं बोलणं त्यांना इतकं पटकन का पटलं? मार्क वेगळं सांगत असताना एकदा तरी विचारावंसं का वाटलं नाही? सुरिनामच्या बाईला मी जे ऐकवलं होतं ते त्या दारात मला शब्द न् शब्द आठवलं. सोमवारी फाटकाशी तिला गाठून मी माफी मागितली. ती म्हणाली, ते राहू दे, आता परीक्षेकडे बघ.

कारण अजून एक दार उघडं होतं. फेब्रुवारीत सगळ्या मुलांची एक परीक्षा असते. त्यात जास्त आलं तर शाळेला आपलं मत पुन्हा तपासावं लागतं. वाढवलं नाही तर का नाही, ते लिहून द्यावं लागतं. त्या परीक्षेच्या दोन दिवसांत मी ऑफिसात काय काम केलं, देव जाणे. मुलीला मात्र काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळलं. तिने बाटली भरली, पेन्सिली टोकल्या, सायकलवर बसली आणि गेली.

मार्चमध्ये निकाल आला. हावो-वेवेओ. नवऱ्याने मूठ आवळून हवेत मारली. शाळेने पुन्हा भेटायला बोलावलं. यावेळी आम्हाला काही विचारण्याआधी बाई, मुलीच्या भाषेत यूफ, तिच्याकडे वळल्या. "तुला स्वतःला काय वाटतं?"

माझी मुलगी डचमध्ये, अगदी शांतपणे म्हणाली, "मावोच ठीक आहे माझ्यासाठी. परीक्षेत नशिबाने आलं. आई शेजारी बसली नाही तर मी काही करत नाही."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. बाईंचे हात कीबोर्डवर होते. मला दिसत होतं, हे वाक्य आता लिहिलं जाणार आणि मग सगळं संपणार. वरच्या वर्गांतली मुलं त्या भेटींना आईबापांबरोबर बसतात. म्हणजे दर वर्षी मी हसत हसत बोलत होते तेव्हा ती शेजारी बसून ऐकत होती. माझी वाक्यं लिहून घेणाऱ्या बाई एकट्या नव्हत्या.

"थांबा," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले असणार, कारण तिघंही दचकले. "हे खरं नाही. मी दोन वर्षं रोज संध्याकाळी सात वाजता घरी येते. हिचे वडील त्याहून उशिरा. शेजारी कोणीही बसलेलं नाही. अभ्यास ती करते, एकटी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि मी येते तेव्हा दप्तर भरलेलं असतं. समजलं नाही तर आधी स्वतः शोधते, मग विचारते. ती हुशार आहे. मी हे कधी सांगितलं नाही, कारण मला ते सांगता येत नव्हतं." डच अर्ध्यात संपलं, पुढचं इंग्रजीत बोलले. आयुष्यात पहिल्यांदा मी बाहेरच्या माणसासमोर माझ्या पोरीचं कौतुक करत होते आणि चोरी पकडल्यासारखी मला धाप लागली होती. बाईंनी हात कीबोर्डवरून काढले. खुर्ची मुलीकडे वळवली. मग म्हणाल्या, "हे मला तीन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं."

आठवड्याने शाळेचं पत्र आलं. हावो-वेवेओ. नवऱ्याने पुण्याला व्हिडिओ कॉल लावला, तिकडून आरडाओरडा सुरू झाला. मुलीने पत्र वाचलं, घडी घातली आणि माझ्यामागे स्वयंपाकघरात आली.

"आई, तू यूफला जे सांगितलंस ना, ते ट्रू होतं? का फक्त अ‍ॅडव्हाइससाठी?"

"खरं होतं," मी म्हटलं. "प्रत्येक शब्द."

"मग आधी ते दुसरं का सांगायचीस? दर वर्षी?"

माझ्याकडे उत्तरं होती. नजर लागते, आपल्यात असं बोलत नाहीत, आजीसुद्धा असंच बोलायची. त्यातलं एकही मला तिच्यासमोर उच्चारता येईना. मी पुढे होऊन तिला मिठी मारली. तिने मारू दिली. पण तिचे हात जॅकेटच्या खिशातच राहिले.