आभाळाखाली उभं राहून बोला

त्या दिवशी स्कोफिल्ड्सला, आमच्या उपनगरात, ऊन कोवळं होतं, वारा मात्र गार, ऑगस्टातला; इकडे हिवाळा तेव्हाच. आभाळात एक ढग नाही. माझा मुलगा प्रसाद म्हणाला, "आबा, टेस्टिंगला फर्स्ट क्लास दिवस!"

तो सॅटेलाइट फोनच्या कंपनीत तक्रारी बघतो. लॉकडाऊनमुळे घरूनच. परत आलेला फोन हातात धरून मी अंगणात उभा राहायचो. प्रत्येक खोक्याबरोबर एक किस्सा यायचा. खोकी कंपनीत परत जायची, किस्से आमच्या घरात साठायचे.

परदेशी जाणं बंद, म्हणून त्या वर्षी लोक गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे फिरतं घर, जोडून देशातच आत आत, ओसाडीत निघाले. तिथे टॉवर नाही. त्यामुळे हे नवे फोन हातोहात खपले. पण ते वापरायचे कसे, हे वाचतो कोण!

*

मेंढ्या पाळणारी एक बाई. घरच्या लँडलाइनवरून म्हणाली, "तीन आठवडे झाले, तुमच्या फोनला रेंज नाही."

प्रसादनं विचारलं, "तुम्ही कुठे उभं राहून लावता?"

"शेडमध्ये."

"पत्र्याखाली नाही लागणार. बाहेर, आभाळाखाली उभं राहून बोला."

"कसं जमेल, मित्रा? बाहेर नवरा असतो. त्याचीच गाऱ्हाणी सांगायला तर बहिणीला फोन लावते!"

*

या फोनवर आपलं बोलणं वर जाऊन खाली येतं. मध्ये जरासा वेळ जातो. लोकांना तेवढाही धीर नाही. दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम गप्प.

मी गावाकडं जन्मभर पाटाचं पाणी सोडलं. दार उचललं तरी शेवटच्या वावरात पाणी पोचायला अर्धा दिवस जायचा. मी म्हटलं, "प्रसाद, त्यांना सांग, पाळीपाळीनं बोला."

तो तसं सांगायला लागला. एका ग्राहकानं लिहून पाठवलं, "सर्व्हिस उत्तम. मी आणि माझा भाऊ आता भांडतोही पाळीपाळीनं!"

*

जवळच्याच क्वेकर्स हिलचा मंगेश, प्रसादचा मित्र, आयटीवाला. घराभोवती टॉवरच टॉवर, तरी याला नवं मॉडेल हवं! हौसेनं पुण्याला आईला लावला. प्रत्येक वाक्यानंतर ती शांतता.

आई म्हणाली, "गप्प का झालास? पॉझिटिव्ह आलास ना? खरं सांग, मंग्या!"

हा "नाही" म्हणाला. ते "नाही" पोचेपर्यंत तिकडे माउलीनं रडायला सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी फोन परत. फॉर्मवर कारण लिहिलं, "आईला मानवत नाही."

*

आमच्या शेजारी सतनामकौर राहतात. मूळच्या नांदेडच्या, मराठी आमच्यापेक्षा खणखणीत. एकुलता मुलगा पर्थकडे ट्रक चालवतो. राज्यांच्या सीमा बंद, आठ महिने घरी नाही. रस्त्यात टॉवर नसतो म्हणून त्यांनी त्याला हा फोन घेऊन दिला.

त्याचा एकही फोन आला नाही. गावात पोचला की मेसेज टाकायचा, "मम्मी, लाइन नहीं लगती." म्हणून त्यांची तक्रार. प्रसादनं दोनदा फोन बदलून दिला. तरी तेच.

इकडे प्रसादचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं. बॉसनं बजावलं होतं, जुनी एक जरी तक्रार उघडी राहिली तर नवं कॉन्ट्रॅक्ट नाही. आणि कॉन्ट्रॅक्ट नाही तर व्हिसा नाही. उघडी राहिलेली तक्रार ही एकच.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी प्रसाद म्हणाला, "आबा, फोन ठणठणीत आहे. रेकॉर्डमध्ये दिसतं. त्यानं आईचा नंबर एकदाही लावलेला नाही."

"मग सांग की त्यांना."

"तुम्ही सांगता?"

सून चहा गाळता गाळता थांबली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्याच स्वच्छ दिवशी, चारच्या सुमारास मी कुंपणापाशी गेलो. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. सतनामकौर पाठमोऱ्या, दोरीवरचे कपडे काढत होत्या. माझ्या चपलेखाली एक वाळकं पान वाजलं, तेवढ्यावर त्या वळल्या.

"भाऊ, मिटवली हो मी तक्रार," त्या म्हणाल्या. "लिहून दिलं कंपनीला, फोन झकास आहे, म्हातारीलाच रिंग ऐकू येत नाही!"